करमणूक करणाऱ्यांचं देवाचं गाणं

तियात्र या कोकणी नाट्यप्रकाराच्या रंगमंचावर लोकांना पोट धरून हसवणारा, पुढाऱ्यांना गाण्यातून फैलावर घेणारा गायक एक दिवस ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जातो आणि येशूच्या, मारियेच्या गाण्यांची अख्खी कॅसेट भरून बाहेर येतो. मागे ड्रम, बेस गिटार, कीबोर्ड, कधी एखादा ट्रम्पेट. चाल अशी, की लग्नाच्या मांडवात लावली तरी पाय थिरकावेत. अशा गाण्यांवर दोन प्रकारची माणसं नाराज असतात. चर्चमधल्या जुन्या वळणाच्या भाविकांना वाटतं, टाळ्यांना चटावलेला गळा वेदीपुढे कशाला? संगीतातले जाणकार म्हणतात, हे धड भक्तिसंगीतही नाही आणि धड लोकसंगीतही नाही, बाजारासाठी काढलेला माल आहे. हे पुस्तक याच गाण्यांबद्दल आहे आणि सुरुवातीलाच सांगतो, दोन्ही आक्षेप मला मान्य नाहीत. आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर देवाचं गाणं घराघरांत पोचवण्याचं काम नेहमीच करमणूक करणाऱ्या माणसाने केलं आहे. हिंदूंमध्ये त्याने केलं, ख्रिस्ती लोकांमध्येही त्यानेच केलं. ख्रिस्ती पॉप हे त्या कामाचं अलीकडचं रूप आहे. त्याला परकं किंवा हलकं ठरवण्याआधी आपण आपल्याच अंगणात काय ऐकत आलो, ते आठवायला हवं.

आपली डबलबारी घ्या. एका मांडवात समोरासमोर दोन बुवा बसलेले, त्यांच्या मागे पखवाजवाला, झांजकरी, कोरस धरणारी मंडळी. स्तवन, रूपावळी, अभंग असं करत भजन चढत जातं आणि गजरापर्यंत येता येता मांडवाचा नूर पालटतो. गजराची चाल बहुतेकदा सिनेमातून आलेली, शब्द मात्र विठ्ठलाचे नाहीतर गणपतीचे. मध्येच एक बुवा दुसऱ्याला चिमटा काढतो, गावातल्या ताज्या गोष्टीवरून कोपरखळी मारतो, पुराणातलं कोडं टाकतो. समोरच्याला त्याचं उत्तर गाऊनच द्यावं लागतं. लोक हसतात, बक्षिसं लावतात, कोण वरचढ ठरला यावर दुसऱ्या दिवशी बाजारात वाद घालतात. या हसण्याने विठ्ठलाची भक्ती बाटली, असं म्हणणारा मला कणकवलीपासून दोडामार्गापर्यंत कोणी भेटलेला नाही. बुवांच्या कॅसेट निघाल्या, पुढे सीडी निघाल्या, त्या मुंबईच्या चाळींपर्यंत गेल्या. त्याला कोणी बाजारू म्हटलं नाही.

दशावताराचंही तेच. रंगपटात सोंगांचा पेटारा पुजल्याशिवाय खेळ उभा राहत नाही. पूर्वरंगात गणपती येतो, रिद्धिसिद्धी येतात, आणि त्यांच्या मागोमाग संकासूर येऊन सगळ्या जत्रेला हसवतो. देव आणि विदूषक एकाच पेट्रोमॅक्सच्या उजेडात उभे राहतात. मच्छिंद्र कांबळींनी १९८० साली गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ रंगमंचावर आणलं आणि मालवणी बोली जगभर फिरवली. त्या नाटकातली सगळी गंमत देवादिकांची सोंगं घेणाऱ्या गावकऱ्यांचीच आहे. एवढं सगळं पोटात घेणाऱ्या मुलुखाने गिटारवरच्या येशूच्या गाण्याकडे भुवया उंचावून पाहावं, हे मला न्यायाचं वाटत नाही.

ख्रिस्ती बाजूचा इतिहासही तितकाच बोलका आहे. इंग्लंडातल्या विल्टशायरमध्ये जन्मलेला थॉमस स्टीफन्स हा जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. मधल्या चाळीस वर्षांत तो साष्टीच्या गावांत राहिला, इथल्या भाषा शिकला, आणि १६१६ साली राशोलला त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापून निघालं. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं हिरावली गेली होती. पण संध्याकाळी एकत्र बसून गायलेलं, समजावून सांगितलेलं आख्यान ऐकायची सवय कोणत्याही फर्मानाने सुटत नाही. स्टीफन्सने ती भूक ओळखली. लॅटिन स्तोत्रांचं ग्रेगोरियन चालीवरचं भाषांतर त्याला सोपं पडलं असतं. त्याने ओवी घेतली. पुराणिकाने सांगावं आणि लोकांनी रंगून ऐकावं, हा इथला मुरलेला करमणुकीचा प्रकार होता आणि ख्रिस्ती कथा त्या प्रकारात ओतायचं धैर्य त्याने केलं. १६४९ आणि १६५४ मध्ये पुराणाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या, म्हणजे वाचणारे आणि गाणारे होते. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने लोकांच्या भाषेविरुद्ध हुकूम काढला आणि छापखान्यातून हे पुराण जवळजवळ नाहीसं झालं. गाण्यातून मात्र ते गेलं नाही. गोवा सोडून दक्षिणेला गेलेल्या कुटुंबांनी ते बरोबर नेलं, आणि १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळुरात ते पुन्हा छापून काढलं.

दक्षिणेला गेले तसे काही लोक उत्तरेलाही आले. कर, धर्मन्यायालयाची भीती, लढाया अशा अनेक कारणांनी ख्रिस्ती कुटुंबं सावंतवाडी संस्थानात, वेंगुर्ल्याकडे, मालवणच्या खाड्यांपर्यंत पसरली. आजचे आमचे ख्रिस्ती शेजारी बऱ्याच अंशी त्यांचेच वंशज. त्यांच्या घरात कोकणी, बाजारात मालवणी, शाळेत मराठी. लदीन, म्हणजे मारियेची सामूहिक प्रार्थना, मात्र अनेक पिढ्या लॅटिनमध्येच राहिली. वाडीवरच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) संध्याकाळी मेणबत्त्या लावायच्या, एकाने व्हायोलिन धरायचं, बाकीच्यांनी दोन-तीन सुरांत मारियेची नामावळी गायची. ज्यांना लॅटिनचा एक शब्द कळत नव्हता, ते मासेमार आणि शेतकरी वरचा आणि खालचा सूर बिनचूक सांभाळायचे. लदीन संपलं की उकडलेले चणे वाटायचे, पेले भरायचे, आणि मग त्याच व्हायोलिनवर नाचाच्या चाली सुरू व्हायच्या. प्रार्थना आणि मौज यांच्यामध्ये फक्त चण्याच्या द्रोणाएवढं अंतर होतं.

हे व्हायोलिन कुठून आलं, याचं उत्तर गोव्यातल्या चर्चच्या शाळांत आहे. तिथे मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत, व्हायोलिन शिकवत, चारी सुरांत गाऊन घेत. हेतू असा, की रविवारच्या मिस्सेला गायकवृंद तयार असावा. झालं असं, की या शाळांतून बाहेर पडलेली पोरं मुंबईला आली आणि हॉटेलांत, जॅझ बँडमध्ये, मूकपटांच्या वाद्यवृंदांत, पुढे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत शिरली. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे शिक्षक होते. अँथनी स्वतः चित्रपटसंगीताचे संयोजक झाले, आणि त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’मध्ये त्यांचं नाव एका गाण्यात घालून सगळ्या देशाच्या तोंडी केलं. सेबास्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, ख्रिस पेरी ही नावं वाचकांनी कुठे ना कुठे ऐकली असतील. हिंदी चित्रपटगीतात आपण जे व्हायोलिनचे थवे आणि ट्रम्पेटचे तुकडे ऐकतो, त्यात गोव्याच्या चर्चमध्ये शिकलेल्या हातांचा मोठा वाटा आहे. तेव्हा चर्चच्या संगीताने करमणुकीला भरभरून दिलं. करमणुकीने चर्चला परत काही देऊ केलं, तर ते नाकारण्याचं कारण काय?

कारण दिलं गेलं होतं, आणि ते रोममधून आलं होतं. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीताबद्दल फर्मान काढलं. नाटकी वळणाचं संगीत उपासनेत नको. पियानो नको, ढोल आणि झांजांसारखी गोंगाट करणारी वाद्यं नकोत. बँड सहसा नको. युरोपातल्या चर्चमध्ये तेव्हा ऑपेराची नक्कल बोकाळली होती, तिला आळा घालण्यासाठी हे पाऊल होतं, आणि त्यामागची तळमळ खरी होती. पण गोव्यातल्या वादकाची यामुळे दोन आयुष्यं झाली. सकाळी चर्चच्या गॅलरीत तो डोळे मिटून मोतेत (चर्चमधली बहुस्वरी गीतं) वाजवी, रात्री मुंबईत तियात्राच्या रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात बसून विनोदी कांतारांना, म्हणजे गाण्यांना, साथ करी.

तियात्राबद्दल मराठी वाचकाला फारच कमी सांगितलं गेलं आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात ‘इटालियन भुर्गो’ हा पहिला तियात्र झाला. आसगावचे लुकाझिन रिबेरो एका इटालियन ऑपेरा मंडळीबरोबर काम करून आले होते; त्यांनी काइतानिन फर्नांडिस, जुआंव आगुस्तिन फर्नांडिस अशा मंडळींना घेऊन हा खेळ उभा केला. तो दिवस ईस्टरचा रविवार होता. उपवासाचा काळ संपून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा आनंद करायचा दिवस या लोकांनी पहिल्या प्रयोगासाठी निवडला. म्हणजे जन्मापासूनच तियात्राचा हात चर्चच्या दिनदर्शिकेत आहे.

तियात्राची रचना अशी: नाटक सहा-सात पडद्यांत चालतं, आणि दर दोन पडद्यांच्या मध्ये पडद्यापुढे गाणी होतात. या गाण्यांचा कथेशी काही संबंध नसतो. एकटा गायक येतो, कधी जोडी येते, कधी तिघं-चौघं. बँड सुरुवातीचा तुकडा वाजवतो. गायक पहिलं कडवं जवळजवळ बोलल्यासारखं म्हणतो, कोरसला आवाज उघडतो, आणि कडव्याच्या शेवटी असा टोला लगावतो की त्याच क्षणी ड्रमवर काठी पडते आणि थिएटर हादरतं. बहुतेक गायक आपले शब्द आपणच लिहितात. महागाई, भ्रष्टाचार, सासू-सून, आखातात गेलेला नवरा, दारू, जमिनीचे सौदे असे विषय असतात, आणि त्यांच्याच रांगेत मरणाची आठवण, आईची माया, देवाची क्षमा. हसवणं आणि उपदेश करणं हे तियात्रिस्ताचं एकाच वेळचं काम आहे. तो गात असतो तेव्हा अर्धा प्रवचनकार असतोच. म्हणून तो भक्तिगीतांची कॅसेट काढतो, तेव्हा वेगळ्या धंद्यात शिरत नाही. रंगमंचावर वीस कांतारांमध्ये एखादंच म्हणत होता, ते आता सलग म्हणतो.

हळदोण्याचे आल्फ्रेड रोज (१९३२–२००३) हे याचं मला सर्वांत आवडतं उदाहरण. लोक त्यांना ‘मेलडी किंग’ म्हणत. मखमली, सावकाश उलगडणारा आवाज. शब्द स्वतःचे, चाल स्वतःची. आणि तोंडाने करवतीवर वाजवल्यासारखा सूर काढून लोकांना थक्क करण्याची कलाही त्यांच्याकडे होती. त्यांच्या गाण्यांत विनोद आहे, उपदेश आहे, भक्ती आहे, आणि तिन्ही ठिकाणी गायक तोच आहे. भक्तीच्या गाण्यात ते गंभीर आवाज लावत नाहीत, प्रेमाच्या गाण्यातला मवाळपणाच तिथे नेतात. मला वाटतं, भाविकांना ते म्हणूनच जवळचे वाटले. प्रार्थनेच्या वेळी आवाज बदलणाऱ्या माणसावर आपला विश्वास बसत नाही. एम. बॉयर यांच्यासारख्या कलावंतांना पुढे पद्मश्री मिळाली, तियात्राला २००९ साली स्वतःची अकादमी मिळाली. या मानाच्या यादीत भक्तिगीतांचा उल्लेख अगदी तळाशी येतो, आणि हे पुस्तक त्या यादीला धरून प्रश्न विचारतं.

प्रॉटेस्टंट बाजूला ही वाट जरा वेगळ्या दिशेने आली. इंग्लंडात विल्यम बूथच्या मुक्तिफौजेने (साल्व्हेशन आर्मीने) दारूच्या गुत्त्यांत आणि म्युझिक हॉलमध्ये गाजलेल्या चाली उचलून त्यांवर ख्रिस्ती शब्द बसवले होते. १९ सप्टेंबर १८८२ रोजी या फौजेचे चार जण मुंबईत उतरले. त्यांचा प्रमुख फ्रेडरिक टकर पूर्वी सनदी नोकरीत होता; त्याने भगवी वस्त्रं घातली, फकीर सिंग असं नाव घेतलं, आणि रस्त्यात वाजतगाजत मिरवणुका काढल्या. पोलिसांनी अडवलं, अटका झाल्या, खटले चालले, टकरला तुरुंगातही जावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ रंगमंचावर आलं आणि कीर्तनातल्या साक्या-दिंड्या नाटकाच्या झाल्या. एकीकडे देवळातलं गाणं नाटकात जात होतं, दुसरीकडे नाट्यगृहातलं गाणं देवाकडे जात होतं, आणि दोन्ही गोष्टी दोन महिन्यांच्या अंतराने याच मुलुखात घडत होत्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळक आमच्याच कोकणातले, दापोलीजवळच्या करजगावचे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोवर मराठी ख्रिस्ती मंडळी पुष्कळदा भाषांतरित स्तोत्रं परदेशी चालींवर गात होती. त्या चालींच्या मात्रा भरायच्या म्हणून मराठी शब्द ओढले जात, जिथे जोर नको तिथे जोर पडे, ऱ्हस्वाचा दीर्घ होई. टिळकांनी अभंग, ओवी, पद यांच्या साच्यात शेकडो भजनं लिहिली आणि ख्रिस्ती गाण्याला मराठी श्वास दिला. नगरच्या मिशनमध्ये त्याआधीच ख्रिस्ती कीर्तन सुरू झालं होतं. बुवा उभा, हातात चिपळ्या, पूर्वरंग-उत्तररंग सगळं यथासांग, आख्यान मात्र उधळ्या पुत्राचं. कीर्तनकार हा रंगमंचावरचाच माणूस. त्याला अभिनय लागतो, विनोद लागतो, श्रोत्यांची नाडी लागते. वेंगुर्ल्यातही अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन होतं. असं हे बंदर. तिथे एका बाजूला लॅटिन लदीन, दुसऱ्या बाजूला मराठी उपासना संगीत, आणि मधल्या रस्त्याने दशावताराचा पखवाज.

जगातही करमणूक करणारे देवाचं गाणं गात होते. एल्विस प्रेस्लीला स्पर्धेतून मिळालेले तिन्ही ग्रॅमी पुरस्कार भक्तिगीतांसाठी आहेत. पहिला १९६७ सालच्या स्तोत्रांच्या तबकडीला. कमरेच्या हालचालींवरून ज्याच्यावर पाद्र्यांनी प्रवचनं झोडली, त्याच्या गाण्याचा सर्वांत मोठा सन्मान प्रार्थनेसाठी झाला. लखनौमध्ये १९४० साली जन्मलेल्या क्लिफ रिचर्डने १९६६ साली लंडनच्या एका सभेत आपली श्रद्धा जाहीर केली आणि पुढच्याच वर्षी भक्तिगीतांची तबकडी काढली. तोही सिनेमा, दूरदर्शन, पँटोमाइमची नाटकं असं सगळं करणारा करमणूककार होता. १९६९ साली लॅरी नॉर्मनने रॉकच्या थाटात येशूची गाणी आणली, आणि तिथून ‘ख्रिस्ती पॉप’ हा वेगळा बाजार उभा राहिला. या बाजाराबद्दल मला प्रेम नाही. त्यातलं बरंचसं गाणं एकाच साच्यातलं, गुळगुळीत, चार सुरांवर चढत जाणारं आहे. पण ज्या लोकांनी वाट पाडली त्यांनी आपला रंगमंचावरचा स्वभाव लपवला नाही, हे मान्य करायला हवं.

आमच्याकडे वाट मोकळी झाली ती ४ डिसेंबर १९६३ नंतर. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेबद्दलचा दस्तऐवज संमत केला. लोकांच्या भाषेला जागा दिली आणि ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य मान द्यावा, असं स्पष्ट म्हटलं. गोव्यात कोकणी स्तोत्रांचं मोठं काम झालं, वसईत मराठी मिस्सा उभी राहिली. चर्चच्या गॅलरीत गिटार आली. आणि त्याच सुमाराला फिलिप्स कंपनीची कॅसेट जगात आली होती. ती आपल्या गावापर्यंत पोचायला पंधरा-वीस वर्षं लागली, पण पोचल्यावर तिने सगळं बदललं. तबकडी काढायला मुंबईची मोठी कंपनी लागायची. कॅसेट मडगावात, म्हापशात निघू लागली, फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) फेरीत मांडीवर ठेवून विकली जाऊ लागली. आखातात आणि जहाजांवर काम करणाऱ्यांच्या बॅगांतून ती कुवेत-बहरीनला गेली. किरणपाणीची तर पार करून ती आरोंद्याला आली, तिथून शिरोडा, वेंगुर्ला, मालवण. संध्याकाळच्या तेर्साच्या (जपमाळेच्या प्रार्थनेच्या) आधी टेपरेकॉर्डरवर आवडत्या तियात्रिस्ताचं मारियेचं गाणं लागायचं, आणि शेजारच्या घरातल्या हिंदू पोरांनाही ते पाठ व्हायचं. त्या पोरांपैकी मी एक. शब्दांचा अर्थ अर्धाच कळायचा, चाल पूर्ण कळायची.

या गाण्यांचं परीक्षण करताना मी सरसकट कौतुक करणार नाही. पुष्कळ संच घाईत काढलेले आहेत. कीबोर्डवर तयार ठेका लावायचा, त्यावर प्रतिध्वनी भरपूर ओतायचा, आणि गायकाने अर्ध्या दिवसात दहा गाणी संपवायची. हिंदी सिनेमाच्या चालीवर शब्द कोंबले की येशूचं नाव भलत्याच ठिकाणी तुटतं. सर्वांत वाईट म्हणजे काही चांगले विनोदी गायक ध्वनिमुद्रणाच्या खोलीत शिरताच घाबरतात, आपली सगळी हत्यारं दाराबाहेर ठेवतात आणि एक नकली पवित्र आवाज काढतात. रंगमंचावर समोर माणसं असतात. त्यांच्या श्वासावर गायक पुढचं कडवं सावकाश घ्यायचं की झपाट्याने, हे ठरवतो. खोलीत समोर फक्त काच असते. विनोदी कांतारात कडव्याच्या शेवटी टोला असतो, भक्तिगीतात टोल्याच्या जागी काय ठेवायचं, हा खरा प्रश्न. ज्यांना उत्तर सापडलं, त्यांनी गोष्ट ठेवली. उधळ्या पुत्राचा दाखला, भल्या शमरोनकराचा दाखला, वादळातली नाव. मासेमाराला वादळातली नाव समजावून सांगावी लागत नाही. कथा सांगायला, संवाद म्हणायला, बापाचा आणि मुलाचा आवाज वेगळा काढायला तियात्रिस्ताइतका तयार माणूस दुसरा नाही. असं गाणं ऐकताना आपण नाटक पाहतो आणि प्रार्थनाही करतो. चर्चच्या शिस्तबद्ध गायकवृंदाकडे हे सामर्थ्य नाही. त्याचं सामर्थ्य वेगळं.

भाषेचा प्रश्न सिंधुदुर्गात जास्त टोकाचा आहे. २००५ साली पुण्यापासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला. चर्चमध्ये कुठे कोकणी, कुठे मराठी चालते. गोव्याची रोमन लिपीतली कोकणी गाणी इथल्या नव्या पिढीला वाचता येत नाहीत, वसईची मराठी गाणी इथल्या जिभेला थोडी परकी वाटतात, आणि हिंदी-इंग्रजी ख्रिस्ती पॉप मोबाइलवर फुकट मिळतं. मधल्यामध्ये मालवणी बोलीतलं ख्रिस्ती गाणं उपाशी राहिलं आहे. ज्या बोलीने ‘वस्त्रहरण’ पेललं, ती येशूचा डोंगरावरचा उपदेशही पेलेल, याबद्दल मला शंका नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीने गौरवलं. मराठी ख्रिस्ती गद्याला अशी दारं उघडली. गाण्याला अजून नाही. मराठी संगीताच्या इतिहासात नाट्यगीत, भावगीत, लोकगीत, भीमगीत यांना प्रकरणं मिळतात. ख्रिस्ती गीताला टिळकांपुरता एक परिच्छेद मिळतो, आणि करमणूक करणाऱ्या कलावंतांच्या भक्तिगीताला तोही नाही. हे पुस्तक त्या उणिवेला थेट भिडतं, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं. या पुस्तकात गायकांबरोबर वादकांकडे, शब्द लिहिणाऱ्यांकडे, कॅसेट विकणाऱ्यांकडेही लक्ष दिलं आहे. काही ठिकाणी लेखनात भाविकपणा टीकेच्या आड येतो; पण आपल्या माणसांबद्दल लिहिताना एवढी ऊब असावीच.

आता वाचकांकडे एक मागणं. समुद्राकाठच्या दमट हवेत कॅसेटची फीत फार काळ टिकत नाही. तिला बुरशी येते, थर सुटतात, आणि एकदा चुकीच्या यंत्रात अडकली की गाणं कायमचं जातं. तुमच्या माळ्यावर, कपाटाच्या तळाशी, एखाद्या वारलेल्या मामाच्या पेटीत तियात्रिस्तांच्या, कीर्तनकारांच्या, गावच्या गायकवृंदाच्या भक्तिगीतांच्या कॅसेट असतील तर त्या घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर लावून पाहण्याचा मोह टाळा. आधी वेष्टनाचा फोटो काढा. गायक, गीतकार, वादक, ध्वनिमुद्रणाची जागा, साल, जे छापलं असेल ते एका वहीत उतरवा. जे छापलेलं नाही ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. मग जाणकाराकडून त्याची डिजिटल प्रत करून घ्या. ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्या कायद्याने प्रकाशनानंतर साठ वर्षं राहतो, तेव्हा ती गाणी लोकांत वाटण्याआधी गायकाच्या घरच्यांना आणि कंपनीला विचारा. प्रत मात्र आत्ताच करा, आणि तिची एक नक्कल तुमच्या चर्चमध्ये किंवा गावच्या वाचनालयात ठेवा.